कॅनडाच्या हिवाळ्यात गाडीची चाकं आणि टायर कसे सांभाळायचे? अलॉयवर पांढरे डाग पडायला लागलेत

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याहून ओंटारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला आलात, सेकंडहँड एसयूव्ही घेतली, तिच्या १८ इंची अलॉयवर (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमवर) पांढरट डाग दिसायला लागलेत, गार सकाळी डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागतो, आणि शेजारी सांगतात की थंडीत गाडी धुवायच्या फंदात पडू नका, मार्च संपला की एकदाच काय ती धुवा. मी बरीच वर्षं ओंटारियोतच गाडी चालवतोय, तर आधी एवढंच सांगतो की शेजाऱ्यांचं हे ऐकू नका. बाकीचं सावकाश सांगतो, थोडं लांबेल.

मुळात बर्फ चाकाचं काही वाकडं करत नाही, करतं ते मीठ. इथे मिठाला तोटा नाही, ह्युरॉन सरोवराखाली गोडरिचला जगातली सगळ्यात मोठी जमिनीखालची मिठाची खाण आहे, १९५९ पासून चालू आहे, त्यामुळे रस्त्यावर मीठ अगदी सढळ हाताने पडतं. बर्फ पडायच्या आधीच टँकर खारं पाणी मारून जातो, त्या रस्त्यावर एकमेकांना समांतर पांढऱ्या रेघा दिसतात ना, त्या त्याच्याच. साधं मीठ उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही म्हणून जास्त थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराईड वापरतात, आणि ते प्रकरण जास्त चिवट, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं, गाडी वाळली असं आपल्याला वाटतं पण रिमच्या आतल्या बाजूला ते ओलंच राहतं. मालवण-रत्नागिरीकडे समुद्राकाठी उभ्या असलेल्या स्कूटरची रिम कधी बघितली असेल तर लगेच कळेल, तेच इथे चार महिन्यांत होतं.

आता महत्त्वाचा मुद्दा, जो बहुतेक लोक उलटा समजतात. कडाक्याच्या थंडीत, उणे १५ ला वगैरे, गाडी पांढरीफटक दिसते, बघून जीव हळहळतो, पण तेव्हा गंज चढायचं काम फार मंद चालतं. खरी वाट लागते ती तापमान शून्याच्या वर आलं की, सगळं मीठ विरघळून पातळ होतं आणि प्रत्येक फटीत शिरतं. म्हणून मिठाने माखलेली गाडी रोज रात्री गरम गॅरेजमध्ये लावणं हे चाकांसाठी बाहेर उभी करण्यापेक्षा वाईट. गॅरेजमध्ये लावायला माझी ना नाही, सकाळी काच खरवडायला लागत नाही हे सुख मोठं आहे, पण मग चाकं धुवून लावा.

त्यामुळे "आठवड्यातून किती वेळा धुवायची" याला माझं उत्तर असं की कॅलेंडर बघू नका, हवामान बघा. दोन-तीन दिवस बर्फ आणि मीठ झालं आणि मग एखादा दिवस दुपारचं तापमान शून्याच्या आसपास किंवा वर जाणार असेल तर तो दिवस पकडायचा. त्या दिवशी कार वॉशला रांग असते, असू दे. उणे १० च्या खाली धुवायच्या भानगडीत पडू नका, दरवाजे गोठतात, रबरं चिकटतात.

जागा कुठली, तर मला नाणी टाकून स्वतः धुवायचं सेल्फ सर्व्ह वॉश आवडतं, कारण फवारा आपल्याला पाहिजे तिथे मारता येतो. ऑटोमॅटिकमध्ये जायचं तर ब्रश नसलेलं टचलेस घ्या आणि गाडीच्या खालून पाणी मारणारं पॅकेज घ्या. चाकं थोडी गार होऊ द्या, ब्रेक तापलेले असताना साबण किंवा क्लीनर मारला की तो तिथेच वाळतो आणि डाग सोडतो. आणि कोरडं मीठ फडक्याने पुसायला जाऊ नका, ते सँडपेपरचं काम करतं. आधी नुसतं पाणी, भरपूर. वरून नाही, खालून वर, मडगार्डच्या आतल्या कडेवर फवारा धरा, तिथून तपकिरी चिखल आणि बारीक खडी भदाभदा पडायला लागते, पाणी स्वच्छ उतरेपर्यंत थांबायचं. मग रिमच्या स्पोकच्या मधून आतल्या बाजूला. लोक पुढची चकचकीत बाजू धुतात आणि खूश होतात, पण मीठ साठतं ते आतल्या बाजूला. त्यानंतर गाडीचा साधा शाम्पू आणि मऊ ब्रश, मॅग्नेशियमचा चिकट थर नुसत्या पाण्याने निघत नाही म्हणून साबण लागतोच. स्वस्तातले जे व्हील क्लीनर मिळतात त्यातल्या काहींमध्ये ॲसिड असतं, "एका मिनिटात चकाचक" असं लिहिलेलं असतं, ते घेऊ नका, तुमच्या रिमवर आधीच कुठे टवका उडालेला असेल तर ते तिथून आत जाऊन आणखी नुकसान करतं. जांभळा रंग सोडणारा आयर्न रिमूव्हर मिळतो, ब्रेकची लोखंडी धूळ काढायला तो मस्त आहे, पण सीझनच्या सुरुवातीला आणि शेवटी वापरला तरी पुष्कळ झालं.

धुतल्यावर लगेच घरी आणून हँडब्रेक ओढून गाडी लावू नका, पाणी गोठून ब्रेक धरून बसतात. निघताना मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबत या म्हणजे डिस्क कोरड्या होतात. दुसऱ्या दिवशी डिस्कवर नारिंगी गंज दिसेल, त्याला घाबरू नका, उघडं लोखंड आहे ते, पहिल्या चार ब्रेकमध्ये निघून जातो.

तुमच्या डागांबद्दल. दोन प्रकार असतात आणि ओळखायला सोपे आहेत. धुतल्यावर गेला तर तो मिठाचा थर, विषय संपला. पण धुवूनही राहिला आणि जवळून बघितल्यावर लॅकरच्या (रिमवरच्या पारदर्शक संरक्षक थराच्या) खाली पांढऱ्या, अळीसारख्या वळवळत गेलेल्या बारीक रेषा दिसल्या, नख फिरवलं तर वरचा थर गुळगुळीत लागतोय पण डाग आत आहे, तर तो ॲल्युमिनियमचा गंज. बहुतेक तो रिमच्या कडेपासून किंवा फुटपाथला घासलेल्या जागेपासून सुरू झालेला असेल. ज्या रिमची पुढची बाजू मशीनने कापून चकचकीत केलेली असते आणि वर फक्त पारदर्शक लॅकर असतं, त्यांना हा रोग लवकर होतो, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून तुमच्या त्याच वाटतायत. हा धुवून किंवा पॉलिश करून जात नाही, कोणी बाटली विकायला आलं तर पैसे वाचवा. लॅकर काढून रिमचं फिनिशिंग नव्याने करून घ्यावं लागतं, ते उन्हाळ्यात करा. तोपर्यंत टवका उडालेल्या जागी धुवून, पूर्ण वाळवून टचअपचा पारदर्शक थर दिला तर पसरणं मंदावतं, थांबतंच असं नाही.

म्हणून माझं खरं मत विचाराल तर हिवाळ्यात चांगली अलॉय वापरूच नका. साध्या काळ्या स्टीलच्या रिमचा वेगळा सेट घ्या आणि त्यावर विंटर टायर कायमचे चढवून ठेवा. दिसायला भिकार दिसतात, कबूल, बायको-पोरं नाकं मुरडतील. पण गंजल्या तर गंजल्या. वर्षातून दोनदा टायर रिमवरून काढा-चढवा करायचा खर्च वाचतो, टायरच्या कडांनाही त्रास होत नाही. गाडीला बसत असेल तर एक इंच लहान रिम आणि जाड कडेचा टायर घ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांना जे खड्डे पडतात (हो, इथेही पडतात, पुणेकरांना घरच्यासारखं वाटेल) त्यात रिम वाकायची शक्यता कमी होते. फक्त घेण्याआधी ती रिम तुमच्या ब्रेक कॅलिपरवर (डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या भागावर) बसते का ते विचारून घ्या.

विंटर टायर लागतातच का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. साधारण ७ अंशांच्या खाली ऑल सीझन म्हणजे बारमाही टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होते, बर्फ असो नसो. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च कायद्यानेच लावावे लागतात, ओंटारियोत सक्ती नाही, पण २०१६ पासून विंटर टायर लावणाऱ्याला इन्शुरन्स कंपनीने सूट द्यायचीच असा नियम आहे, फोन करून मागून घ्या, आपणहून कोणी देत नाही. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची पाकळी असं चिन्ह आहे का ते बघा, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं म्हणजे विंटर टायर नव्हे. सेकंडहँड सेट घेणार असाल तर डॉट लिहिलेल्या नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा, ३५२२ म्हणजे २०२२ सालचा ३५ वा आठवडा. टायरच्या नक्षीची खाच ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर बर्फासाठी तो टायर संपला.

तो पिवळा दिवा. तापमान ५-६ अंशांनी खाली आलं की हवा साधारण १ पीएसआयने उतरते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये भरलेली हवा जानेवारीत कमीच दाखवणार. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तिथे दिलेला आकडा गार टायरसाठीचा आहे, म्हणून सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा. चारही चाकं थोडी थोडी कमी असतील तर ती थंडी. एकच चाक पुन्हा पुन्हा उतरत असेल आणि खिळा सापडत नसेल, तर रिमची आतली कड, जिथे टायर चिकटून बसतो, तिथे गंजाचा खरखरीत थर आलाय आणि हवा तिथून निसटतेय असं बऱ्याचदा निघतं. टायरवाला टायर उतरवून ती कड घासून, सीलर लावून परत बसवतो. अर्ध्या तासाचं काम आहे, रोज हवा भरत बसू नका.

याच्याशीच जोडलेली एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही: व्हॉल्व्हच्या टोप्या प्लास्टिकच्याच ठेवा. ते चमकणारे धातूचे छोटे बूच मिळतात, दिसायला छान, पण प्रेशर सेन्सरचा व्हॉल्व्ह बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो, त्यावर पितळी टोपी आणि मधे खारं पाणी, दोन्ही एकमेकांना असे धरून बसतात की पकडीने पिळताना व्हॉल्व्हच तुटून हातात येतो, मग सेन्सरचा खर्च.

मोठ्या बर्फानंतर ४०१ हायवेला लागल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागलं तर लगेच बॅलन्सिंग करायला पळू नका. रिमच्या आत बर्फ घट्ट बसून गोठलेला असतो, चाक एका बाजूला जड होतं. सुरक्षित जागी थांबून ब्रशच्या दांड्याने पाडा, थरथर गेली तर तेच होतं. उकळतं पाणी ओतू नका.

टायरच्या रबराला मीठ फारसं काही करत नाही, त्यामुळे त्यांची वेगळी बडदास्त नको. टायर शाइन हिवाळ्यात लावणं म्हणजे पैसे गटारात. लावायचंच असेल तर पाण्यावर आधारित घ्या आणि फक्त बाजूच्या भिंतीला, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला चुकूनही नाही.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, दुपारी अजून १० अंशांच्या वर असताना, रिम आतून-बाहेरून स्वच्छ धुवून वाळवा आणि सिंथेटिक सीलंटचा हात मारा, सिरॅमिक कोटिंग परवडलं तर उत्तम, नाहीतर साधं सीलंटही बऱ्यापैकी काम करतं, मीठ घट्ट चिकटत नाही आणि नुसत्या फवाऱ्याने बरंच निघतं. चाक बसवताना हबवरचा (चाक ज्यावर टेकून बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने घासून तिथे अँटीसीझचा, म्हणजे धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पेस्टचा, अगदी पातळ हात द्या, नाहीतर एप्रिलमध्ये चाक हबला चिकटून बसतं आणि लाथा मारून काढावं लागतं. नट किंवा बोल्टच्या आट्यांना मात्र ते लावू नका, त्याने टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, हिशोब चुकतो. नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा आणि ८०-१०० किलोमीटर चालल्यावर परत एकदा तपासा, दुकानातून बसवून आणलं तरी.

एप्रिलमध्ये विंटर सेट उतरवला की तसाच मिठासकट कोपऱ्यात टाकू नका, धुवा, पूर्ण वाळवा, कोणतं चाक कुठलं ते खडूने लिहा, मोठ्या काळ्या पिशवीत घालून पिशवीतली हवा काढून बांधा. रिमसकट असतील तर एकावर एक आडवे रचले तरी चालतात, नुसते टायर असतील तर उभे ठेवा. आणि तळघरात घर गरम करणाऱ्या भट्टीच्या किंवा मोटरच्या जवळ नको, इलेक्ट्रिक मोटरमुळे ओझोन तयार होतो आणि त्याने रबराला बारीक भेगा पडतात.