पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी लावून सायकलवर फिरणारी मॉर्मन मिशनरी पोरं परदेशात दिवसभर नेमकं काय करतात?

प्रश्नाच्या खाली तुम्ही असंही विचारलंय की त्यांना पगार कोण देतं, आणि दार उघडलं तर ते नक्की शिकवतात काय.

आधीच सांगतो, मी मॉर्मन (अमेरिकेत निघालेला एक ख्रिस्ती पंथ) नाही. मूळचा नगरचा. 2014 ते 2018 तैवानमधल्या शिंचू शहरात पीएचडी करत होतो. कोल्हापूर-सोलापूरकडची रसायन आणि भौतिकशास्त्रवाली बरीच पोरं तिकडं असतात, त्यातलाच मी एक. चिनीत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार जवळजवळ सारखाच, त्यामुळे चौथ्या मजल्याची खोली मला स्वस्तात मिळाली होती. खाली तिसऱ्या मजल्यावर ही पोरं. पोरं बदलत राहायची, खोली तीच. चार वर्षांत दहा-बारा जण तरी येऊन गेले असतील, आणि त्यातल्या निम्म्यांनी आपल्या धड्यांचा सराव माझ्यावर केला. म्हणून हे उत्तर.

पहिली भेट सिग्नलवर झाली. तैवानमध्ये लाल दिव्याशेजारी सेकंद उलटे मोजणारा आकडा असतो आणि खाली पन्नास-साठ स्कूटर थांबलेल्या असतात. ही पोरं सायकल मुद्दाम त्या गर्दीत घालतात आणि शेजारच्या माणसाशी बोलायला लागतात. नव्वद सेकंदांत नमस्कार, नाव, कुठून आलो, देवावर विश्वास आहे का, फोन नंबर द्याल का. हिरवा पडला की संपलं. मी त्या दिवशी सायकलवर होतो. शेजारी एक लालबुंद झालेला गोरा पोरगा येऊन थांबला आणि चिनीत म्हणाला, 'मी तुमचा मुका घेऊ का?' त्याला म्हणायचं होतं, 'तुम्हाला एक विचारू का?' चिनीत 'वन' चौथ्या सुरात म्हटलं तर विचारणं, तिसऱ्या सुरात म्हटलं तर मुका. मी त्याला इंग्रजीत सांगितलं की बाबा रे, सूर चुकला. तो इतका लाजला की सिग्नल सुटला तरी तिथंच उभा.

हा आयडाहोच्या खेड्यातला, एकोणीस वर्षांचा. चर्चनं त्याला चिनी आडनाव दिलं होतं 'बाय', म्हणजे पांढरा. आणि हुद्दा 'झांगलाओ'. इंग्रजीत त्यांना एल्डर म्हणतात, त्याचं हे चिनी. शब्दशः अर्थ ज्येष्ठ, वडीलधारा. मिसरूड नीट न फुटलेल्या पोराला रस्त्यावरची आजी 'वडीलधारे, जेवलात का' असं विचारते तेव्हा बघायला मजा येते. मुलींना नुसतं 'बहीण' म्हणतात.

आता दिवस. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम (खालून माझ्या खोलीत धपधप ऐकू यायचं, गजराची गरजच नाही). आठ वाजता प्रत्येकानं एकट्यानं वाचन, नऊला दोघांनी मिळून, शिवाय भाषेचा अभ्यास. मग बाहेर. रात्री नऊपर्यंत, कुणाला शिकवत असतील तर साडेनऊपर्यंत. साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून वेळापत्रक जरा सैल केलं असं त्यांनीच सांगितलं, पण खालचा धपधपाट काही बदलला नाही. सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणं नाही, पोहणं नाही. चहा, कॉफी, दारू, तंबाखू तर कुठल्याच मॉर्मनला नाही. ती 1833 पासूनची शिकवण आहे. आठवड्यातून एक 'पी-डे', म्हणजे कपडे धुणं, किराणा, केस कापणं आणि घरी ईमेल. माझ्या वेळी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. दर आठवड्याला फोन करायची मुभा 2019 मध्ये मिळाली, तोवर मी परत आलो होतो.

पगार? एक पैसा नाही. उलट हेच भरतात. त्या काळी अमेरिकेतल्या कुटुंबानं महिन्याला 400 डॉलर द्यायचे, पोरगं टोकियोला जावो की टोंगाला. कुठं जायचं हे आपण ठरवायचं नाही. अर्ज करायचा आणि चर्चचं पत्र येईल तिथं जायचं. मुलगे अठराव्या वर्षापासून, दोन वर्षं. मुली तेव्हा एकोणिसाव्या वर्षापासून, दीड वर्ष. ही वयं 2012 मध्ये खाली आणली आणि एकदम लाट आली. मी तिकडं गेलो त्या सुमारास जगभरात मिळून 80 हजारांवर मिशनरी होते. बायनं बटाट्याच्या शेतात तीन उन्हाळे काम करून पैसे साठवले होते. आपल्याकडं माधुकरी मागून शिकायची पद्धत होती, तसलं काहीतरी असेल असा माझा समज होता. ते मात्र घरून शिदोरी बांधून येतात.

या सगळ्यात मला सगळ्यात अवघड वाटली ती जोडीची अट. मिशनरी कधीच एकटा नसतो. जोडीदार सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. एकाच खोलीत झोपायचं, एकत्र जेवायचं, एकत्र बाहेर पडायचं. जोडीदार तुम्ही निवडत नाही, आणि दर सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते. एकाला सर्दी झाली तर दोघंही घरात. एकाला दुसऱ्याचा घास चावण्याचा आवाज सहन होत नव्हता, हे मला त्यानं जिन्यात, दोन पायऱ्या खाली उभ्या असलेल्या जोडीदाराला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात सांगितलं. मी पीएचडीत खोलीत एकटा रडायचो, त्यांना तीही सोय नव्हती. एक पोरगा मुदत संपायच्या आतच परत गेला. त्याच्याबद्दल विचारलं तर बाकीचे एकदम हवापाण्यावर यायचे. त्यांच्या गावात असं अर्ध्यावर परतणं म्हणजे लग्न मोडून माहेरी येण्यासारखं बघितलं जातं, हे मला हळूहळू कळलं. हे मला अजिबात पटलं नाही आणि आजही पटत नाही.

घरची ओढ लागलेल्याला ते 'ट्रंकी' म्हणतात, म्हणजे ज्याची ट्रंक मनातल्या मनात भरून झालीय. शेवटच्या दोन महिन्यांत सगळेच थोडे ट्रंकी.

शिकवण्याचं सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. पूर्वी हे लोक धडे शब्द न् शब्द पाठ करून म्हणायचे. 2004 पासून त्यांना एक हस्तपुस्तक मिळालं, त्यात मुद्दे ठरलेले पण शब्द आपले. पहिला धडा ठरलेला: 1820 साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा, कुठला पंथ खरा या विचारानं रानात जाऊन प्रार्थना करतो, त्याला देवाचं आणि येशूचं दर्शन होतं, पुढं सोन्याचे पत्रे सापडतात, त्यांचं भाषांतर म्हणजे बुक ऑफ मॉर्मन, आणि 1830 मध्ये चर्चची स्थापना. ही कथा मी चिनीत इतक्यांदा ऐकलीय की आजही झोपेत सांगेन.

पण ते वाद घालत नाहीत. मी मुद्दाम खोड्या काढायचो, पुरावा मागायचो. उत्तर एकच: 'आमचं ऐकू नका, तुम्ही स्वतः वाचा, स्वतः देवाला विचारा.' मग तारीख ठरवून विचारतात, 'गुरुवारपर्यंत कराल का?' पद्धत हुशारीची आहे, आणि थोडी वैताग आणणारीही. प्रयोगशाळेतल्या माणसाला यात एक खोच दिसते: उत्तर 'हो' आलं तर सिद्ध झालं, आणि नाही आलं तर पुन्हा विचारा. हे मी बायला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, 'तुझ्या प्रयोगाला उत्तर आलं नाही की तू काय करतोस?' पुन्हा करतो, दुसरं काय करणार! त्या फेरीत तो जिंकला.

खरी गंमत त्यांच्या चिनीची. अमेरिकेत प्रोव्होला नऊएक आठवडे शिकून येतात, आणि शिकतात ते धर्माचं चिनी. बायला 'प्रायश्चित्त', 'पुनरुत्थान', 'पवित्र आत्मा' अस्खलित यायचं. सायकल पंक्चर झाली तेव्हा 'ट्यूब' आणि 'पाना' येईना. दुकानात तो खुणा करत होता आणि दुकानदार त्याला गळ्याचं औषध देत होता. माझं उलटं. मला भाजी, भाडं, ॲसिड, हातमोजे सगळं यायचं आणि देव म्हणायची पंचाईत. म्हणून सौदा ठरला: तो मला धडा सांगणार, मी त्याला बाजार शिकवणार. दोन परदेशी माणसं मोडक्या चिनीत मोक्ष आणि वांग्याचा भाव यांवर बोलत बसलेली, असं दृश्य दर शनिवारी आमच्या जिन्यात असायचं. चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी फुकट इंग्रजीचा वर्ग असायचा. तिथं आजी-आजोबा, शाळकरी पोरं आणि सायन्स पार्कातले इंजिनिअर मिळून तीसेक लोक. वर्गाला तीस, रविवारच्या सभेला त्यातले दोन. रविवारी रात्री पोरं आठवड्याचे आकडे वर कळवायची: किती जणांशी बोललो, किती धडे दिले, किती जण सभेला आले. मला माझा प्राध्यापक आठवायचा.

थोडं विषयांतर. नगरमध्ये 'मिशन' म्हटलं की दवाखाना आणि शाळा डोळ्यांसमोर येते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले, पुढं नगरला आले आणि पिढ्यान् पिढ्या राहिले, मराठी शिकले. दोन वर्षांत येणं-जाणं हा प्रकार मला म्हणूनच सुरुवातीला पोरखेळ वाटायचा. आणि मग कळलं की ह्यू फिंडले नावाचा एक मॉर्मन मिशनरी 1852 मध्ये मुंबईत आणि पुण्यातसुद्धा येऊन गेला होता. मूठभर माणसं मिळाली, पण टिकलं काही नाही. हे मी बायला सांगितलं तर त्याला पुणं कुठं आहे हेच माहीत नव्हतं, पण त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

तर लोक खरंच धर्म बदलतात का? तैवानमध्ये हे लोक 1956 पासून आहेत, पहिले चार जण आले होते. जे ऐकून घेतात, चौकशी करतात, त्यांना चिनीत 'मुदाओयौ' म्हणतात, वाटेची ओढ लागलेला मित्र. फार सुंदर शब्द. पण बहुतेक मित्र वाटेवरच राहतात. चार वर्षांत मी स्वतः हजर असलेला बाप्तिस्मा एकच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पेरू विकणाऱ्या एक बाई होत्या, साठीच्या. तिकडं मावशीला 'आयी' म्हणतात. मराठी माणसाचा पहिले काही दिवस गोंधळ उडतो. या आयींना जोसेफ स्मिथचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच: 'माझी आई गेली, तिनं तर तुमच्या देवाचं नावही ऐकलं नव्हतं, तिचं काय?' आणि यावर या पंथाकडं उत्तर आहे. वंशज मंदिरात जाऊन पूर्वजाच्या नावानं बाप्तिस्मा घेऊ शकतो, मग तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्यानं ठरवायचं. तैपेईत 1984 पासून त्यांचं मंदिर आहे. आपल्या पितृपक्षाशी आणि तैवानी लोकांच्या सातव्या महिन्यातल्या पितरांच्या पूजेशी हे इतकं जवळचं की आयी विक्री थांबवून ऐकत बसल्या. पुढं 'घरातल्या आईच्या नावाच्या पाटीपुढं अगरबत्ती लावायची की नाही' इथं पोरांची गाडी अडली. तेव्हा त्यांनी चर्चमधल्या एका तैवानी बाईंना बरोबर आणलं, ते बरं केलं. एकोणीस वर्षांच्या आयडाहोकरानं यात पडू नये. चहा सोडायला आयींना दोन महिने लागले.

बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमधला हौद भरायला तीन तास. दोघांनाही पांढरे कपडे. नियम कडक: प्रार्थना शब्दशः म्हणायची आणि माणूस पूर्ण पाण्याखाली जायला हवा. दोन साक्षीदार काठावरून बघत असतात. बायनं उजवा हात वर केला, प्रार्थना म्हटली, बुडवलं. साक्षीदारांनी मान हलवली: एक शब्द गळला होता. पुन्हा. या वेळी शब्द बरोबर, पण आयींच्या पायाचा अंगठा वर राहिला. पुन्हा. बायचे कान लाल झाले होते. खुर्च्यांवरचे आम्ही सगळे श्वास धरून. तिसऱ्यांदा त्यानं एकेक शब्द ठेवल्यासारखा म्हटला, सगळे सूर जागच्या जागी, आणि आयी अंगठ्यासकट पाण्याखाली.

नंतर ओल्या केसांनीच त्यांनी सगळ्यांना चिरलेले पेरू वाटले, वर आलुबुखाराची आंबट-खारट पूड भुरभुरवून. बाय माझ्या शेजारी येऊन बसला. मी विचारलं, तिसऱ्या वेळेआधी त्या तुझ्या कानात काय म्हणाल्या रे? तो म्हणाला, 'म्हणाल्या, पोरा, सावकाश म्हण, मला दुकान उघडायची घाई नाही.'