सगळं देवाच्या इच्छेनं घडतं, तर ट्रकवाल्यावर केस कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे: शेजारच्या ख्रिस्ती काकूंचा तरुण मुलगा होटगी रोडला ट्रकखाली गेला. मातीला आलेला जो तो "प्रभूची इच्छा" म्हणत होता आणि पुढं त्याच घरानं ट्रकवाल्यावर केस केली. इच्छा देवाची, तर गुन्हा ड्रायव्हरचा कसा? आणि मग माणसाच्या हातात काही असतं की नाही?

केस केली ते बरोबर केलं, आणि त्यात विश्वासाला कुठंही बाधा येत नाही. मी सोलापूरचीच. आमच्या चर्चच्या तरुण संघात बायबल अभ्यास घेते, त्यामुळं हा प्रश्न माझ्यापुढं सारखा येतो. दफनभूमीत "प्रभूची इच्छा" हे शब्द कानावर पडले की मला त्रास होतो. बोलणाऱ्याचं मन वाईट नसतं. त्या आईपुढं काय बोलावं सुचत नाही, म्हणून माणूस तेवढंच बोलून बाजूला होतो. पण ऐकणाऱ्या आईला त्यातून काय कळतं? की माझं लेकरू देवानंच मारलं. हे आमच्या धर्मात शिकवलेलं नाही.

येशूनं शिकवलेली प्रार्थना आम्ही लहानपणापासून म्हणतो. जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, अशी त्यात मागणी आहे. पृथ्वीवर आधीच सगळं त्याच्या मनासारखं चाललं असतं तर हे रोज मागायचं कशाला? खून करू नको ही देवाची आज्ञा आहे, तरी खून होतातच. देवाला जे हवं आहे ते एक आणि तो जे घडू देतो ते दुसरं. हा फरक आमच्याकडं जुना आहे, पण मातीच्या गर्दीत तो कुणाला आठवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "घडू देतो" म्हणजे शेवटी दोरी त्याच्याच हातात ना? हो, देव सर्वसमर्थ आहे हे आम्ही सोडत नाही. बायबल दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतं. सगळ्यात स्पष्ट मला ते बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात दिसतं. येशूचा संदेश पसरवणारा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. तारू वादळात सापडलंय, कित्येक दिवस ना सूर्य दिसला ना तारे. पौल सगळ्यांना सांगतो की रात्री देवाचा दूत येऊन गेला, तारू जाईल पण तुमच्यातला एकही जीव जाणार नाही. देवाचा शब्द मिळाला, विषय संपला असं वाटतं. पण चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याची चाहूल लागते आणि खलाशी नाळेवरून नांगर टाकायचं निमित्त करून लहान होडी पाण्यात सोडतात. त्यांना पळायचं असतं. तेव्हा तोच पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमी नायकाला म्हणतो, हे लोक तारवावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई लगेच दोर कापून होडी सोडून देतात. मग पौल सगळ्यांना जेवायला लावतो, कारण अंगात ताकद हवी. शेवटी तारू फुटतं, पोहता येणारे पोहत आणि बाकीचे फळ्यांवर, असे 276 च्या 276 जण किनाऱ्याला लागतात.

दूताचा शब्द खरा होता, आणि खलाशी पळाले असते तर कुणी वाचलं नसतं हा पौलाचा इशाराही खरा होता. कुणीही वाचणारच आहोत म्हणून हातावर हात ठेवून बसलं नाही. पौलाला यात विसंगती दिसत नाही. मलाही दिसत नाही, जरी हे आतून कसं जुळतं ते मी तुम्हाला गणितासारखं मांडून दाखवू शकत नाही.

आमच्या संघातल्या एका मुलानं विचारलं होतं, "येशूचं मरण ठरलेलंच होतं तर यहूदाचा काय दोष?" यहूदा म्हणजे येशूला धरून देणारा त्याचाच शिष्य. लूकच्या शुभवर्तमानाच्या 22 व्या अध्यायात येशू स्वतःच म्हणतो की ठरल्याप्रमाणे मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) जातो आहे, पण जो त्याला धरून देतो त्याची केवढी दुर्दशा! योजना देवाची, तरी धरून देणाऱ्याचा दोष सुटत नाही. पुढं पेन्टेकॉस्टच्या सणाला येशूचा शिष्य पेत्रही यरुशलेममधल्या लोकांना हेच ऐकवतो: देवाच्या संकल्पानुसार त्याला तुमच्या हाती दिलं होतं आणि तुम्ही त्याला मारलंत. त्या मुलाला मी पेत्राकडंच बघायला सांगितलं. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील हे येशूनं त्याला आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. कोंबडा आरवल्यावर "तूच तर म्हणाला होतास" असं पेत्र म्हणू शकला असता. तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. आपण जे केलं ते आपणच केलं, हे त्याला ठाऊक होतं.

चर्चमध्ये यावर एकमत आहे असं मात्र समजू नका. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीन आणि संन्यासी पेलाजियस यांचा वाद झाला. माणूस स्वतःच्या बळावर चांगलं निवडू शकतो हे पेलाजियसचं म्हणणं 418 साली कार्थेजच्या परिषदेनं नाकारलं. कृपेशिवाय, म्हणजे देवानं आपणहून दिलेल्या मदतीशिवाय, आपण देवाकडं वळतच नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं. 1524 मध्ये विद्वान इरॅस्मसनं इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, पुढच्याच वर्षी धर्मसुधारक ल्यूथरनं ती खोडून काढायला मोठा ग्रंथ लिहिला. मग हॉलंडमध्ये आर्मिनियसचे अनुयायी (माणूस कृपा नाकारू शकतो म्हणणारे) आणि कॅल्विनपंथी (कुणाला तारायचं हे देवानंच आधी ठरवलंय म्हणणारे) यांच्यात जुंपली आणि 1618-19 च्या डॉर्टच्या सभेनं कॅल्विनपंथीयांच्या बाजूनं निकाल दिला. पण मेथडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली पुढं आर्मिनियसच्याच वाटेनं गेला. 1970 मध्ये नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात या दोन्ही परंपरांची माणसं आली. आज ती एकाच बाकावर बसून तीच प्रार्थना म्हणतात. माझा स्वतःचा कल वेस्लीकडं आहे. कृपा आधी येते, पण ती हात पिरगळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

नशीब, प्रारब्ध, कपाळावरची रेघ हे शब्द आपल्याकडं घरोघरी आहेत, ख्रिस्ती घरांतही. म्हणून देवाची इच्छा म्हणजे तसलंच काहीतरी, असा समज होतो. पण नशिबाला कुणाचं दुःख होत नाही. येशू यरुशलेमसाठी कळवळून म्हणतो की तुझ्या लेकरांना कितीदा जवळ घ्यावंसं वाटलं, पण तुमची इच्छा नव्हती. देवाला एक हवं होतं, माणसांनी दुसरं निवडलं आणि देवाला त्याचं वाईट वाटलं. लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी तर येशू रडला, आणि घटकाभरात लाजराला उठवणार हे त्याला माहीत असूनही रडला.

तेव्हा काकूंचा मुलगा का गेला, याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि ज्यांनी मातीच्या वेळी दिलं त्यांच्याकडंही नव्हतं. ट्रक कुणी चालवला, कसा चालवला, हे मात्र शोधता येतं, आणि ते शोधणं हे न्यायाचं काम आहे. न्याय करा, असं तर आमचे संदेष्टे ओरडून सांगतात. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढं चालतो, तारखा पडत राहतात, दिवसभर बाकावर बसून पुढची तारीख घेऊन परत यावं लागतं. काकूंना "का" समजावायला जाऊ नका. पुढची तारीख कधी आहे ते विचारा आणि जमलं तर त्यांच्याबरोबर जा.