लेव्हल अठराचा क्लॅन की आपलीच पोरं?

प्रश्न : ताई, मी क्लॅश ऑफ क्लॅन्स हा मोबाईल गेम खेळतो. माझा टाउन हॉल, म्हणजे गावातली मुख्य इमारत, अकराव्या लेव्हलचा आहे. शाळेपासूनच्या मित्रांचा क्लॅन, म्हणजे गट, आहे, लेव्हल तीन. मेंबर चौदा, पण खेळतात पाच-सहाच. सकाळी ट्रूप्स (सैनिक) मागितले तर संध्याकाळपर्यंत कोणी देत नाही. आता लेव्हल अठराच्या एका क्लॅनचं बोलावणं आलंय. पंचेचाळीस मेंबर, वॉर (दुसऱ्या क्लॅनशी लढाई, त्यात प्रत्येकाला दोन अटॅक) सतत चालू. माहितीत लिहिलंय, 'दोन्ही अटॅक मस्ट, नाहीतर किक'. मित्र म्हणतात, गेलास तर तुझ्याशी बोलणार नाही. मी अकरावी सायन्सला आहे. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी मित्रांचं मिटवू. दोन दिवस रुसतील आणि तिसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचं जर्नल मागायला तुझ्याच दारात येतील. त्यांची काळजी सोड.

आता ते अठरा. या आकड्याला भुलू नकोस. क्लॅनची लेव्हल वॉर खेळून वाढते आणि एकदा वाढली की खाली येत नाही. ज्यांनी रात्री जागून तो क्लॅन मोठा केला त्यांच्यातला एकही जण आज तिथे नसेल, तरी बिल्ला तसाच चमकणार. लेव्हलचा रोजच्या खेळातला मोठा फायदा म्हणजे डोनेशन, एकमेकांना ट्रूप्स देणं. पाचव्या लेव्हलपासून आलेले ट्रूप्स एक पायरी वरचे मिळतात आणि दहाव्यापासून दोन पायऱ्या. त्याच्या पुढे तुझ्यासारख्याला जाणवेल असा फरक मला तरी कधी दिसला नाही. म्हणजे दहाचा क्लॅन आणि अठराचा क्लॅन तुला जवळपास सारखेच.

मग बघायचं काय? बोलावणं स्वीकारण्याआधी क्लॅनच्या नावावर टॅप कर. मेंबरांची यादी उघडते आणि या सीझनमध्ये कोणी किती ट्रूप्स दिले ते तिथेच दिसतं. वरच्या चौघांनी हजारांनी दिलेत आणि खालच्या तीस जणांपुढे शून्य असेल, तर तो क्लॅन चौघांचा. बाकीची सगळी आयजीच्या जिवावर बायजी उदार मंडळी. फक्त सीझन नुकताच सुरू झाला असेल तर सगळ्यांचेच आकडे लहान असतात, तेवढं ध्यानात ठेव.

नंतर वॉर लॉग, म्हणजे जुन्या वॉरची नोंदवही. तो बंद असेल तर लगेच शंका घेऊ नकोस, काही चांगले क्लॅनही बंद ठेवतात. उघडा असेल तर जिंकलेली वॉर सोड, हरलेली बघ. एका बेसचे, म्हणजे एका खेळाडूच्या गावाचे, जास्तीत जास्त तीन स्टार, म्हणून दहा विरुद्ध दहाच्या वॉरमध्ये जास्तीत जास्त तीस स्टार मिळतात. कोणी अठ्ठावीस-एकोणतीस असं हरलं असेल तर ती लढत झाली. कोणी नऊ-तीस असं हरलं असेल तर बहुतेक निम्मी माणसं अटॅक करायलाच उगवली नव्हती. एकदा झालं तर चालतं, दिवाळी असेल, कोणाच्या घरी लग्न असेल. दर तिसऱ्या वॉरला तेच दिसलं तर तिथे थांबू नकोस.

बाहेरून दिसतं ते एवढंच. खरा क्लॅन कळतो तो चॅटमध्ये, आणि तोही कोणाचा तरी अटॅक फसल्यावर. आमच्या क्लॅनमध्ये एक एसटी कंडक्टर आहेत, मुक्कामाच्या गावी गाडी लागली की अटॅक करतात. परवा त्यांनी सगळे ड्रॅगन एकाच बाजूने सोडले. समोरच्या एअर स्वीपरने (उडणाऱ्यांना वाऱ्याने ढकलणारं यंत्र) ते मागे ढकलत ठेवले, तीन मिनिटं संपली तेव्हा टाउन हॉल तसाच उभा. एक्कावन्न टक्के, एक स्टार. चॅटमध्ये कोणी हसलं नाही की ओरडलं नाही. आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोरीने थोड्या वेळात तसाच बेस मांडला, फ्रेंडली चॅलेंज, म्हणजे आपसातली सरावाची लढत, टाकलं आणि लिहिलं, 'काका, यावर करून बघा, स्वीपरच्या पाठीमागून या.' फ्रेंडली चॅलेंजला ट्रूप्स खर्च होत नाहीत, काकांनी चार-पाच वेळा करून बघितलं. दुसरा अटॅक तीन स्टारचा गेला. असं जिथे होतं तिथे दहा हरलेल्या वॉरनंतरही माणसं टिकतात. 'नूब', म्हणजे नवशिका, म्हणून हसणारे क्लॅनही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या माहितीत 'फॅमिली क्लॅन' असं हमखास लिहिलेलं असतं.

आत गेल्यावर, वॉरच्या आधीच्या तयारीच्या दिवशी, वॉरचा नकाशा उघडून आपल्याच लोकांचे बेसही तपास. वॉरच्या क्लॅन कॅसलमध्ये, म्हणजे इतरांनी दिलेले ट्रूप्स राहतात त्या किल्ल्यात, बचावासाठी ट्रूप्स भरलेत का? सगळ्यात खालच्या नंबरचा कॅसल भरलेला दिसला तर लीडर कामाचा समज. वरच्या पाचांचेच भरलेले असतील तर तुझी जागा कुठे असणार ते कळलंच.

'दोन्ही अटॅक मस्ट' या नियमावर माझा राग नाही. वॉरमध्ये जागा अडवायची आणि अटॅक करायचा नाही, हे मलाही खपत नाही. पण तुझ्या प्रोफाइलमध्ये वॉरसाठी हिरवं-लाल असा पर्याय आहे, हिरवं म्हणजे खेळणार, लाल म्हणजे नाही. लीडरला जाण्याआधीच विचार, 'युनिट टेस्टच्या आठवड्यात लाल ठेवलं तर चालेल का?' 'चालेल, सांगून ठेव' असं उत्तर आलं तर पुढे बोल. 'आपल्याकडे लाल चालत नाही' असं आलं तर तिथूनच नमस्कार. आणि गेल्या गेल्या को-लीडर करतो म्हणणाऱ्याकडे फिरकूच नकोस. को-लीडरला मेंबर काढता येतात. हे पद जो चिंचोक्यासारखं वाटतो त्याच्या क्लॅनमध्ये एक दिवस कोणीतरी सगळ्यांनाच काढून टाकतो.

आता माझं मत. अठरावाल्यांकडे जाऊ नकोस. एका वॉरची तयारी तेवीस तास आणि लढाई चोवीस तास. 'सतत चालू' म्हणजे दिवसाआड तुझी हजेरी, आणि अकरावी सायन्सला क्लासेस कमी का असतात! मित्रांच्या क्लॅनमध्येही अडकून पडू नकोस. शोधायच्या पानावर फिल्टर आहेत. लोकेशन भारत, वॉर आठवड्यातून एकदा, क्लॅन लेव्हल निदान आठ, आणि 'मला जाता येईल असेच' हेही लाव. पंचवीस-तीस माणसांचा, जेवणं झाल्यावर गप्पा मारणारा क्लॅन सापडेल. मित्रांसाठी दुसरं अकाउंट काढावं असं तुझ्या डोक्यात आलंच असेल. नको. त्यापेक्षा सुट्टीत चार दिवस त्यांच्याकडे परत जा आणि पाच विरुद्ध पाचचं वॉर लावा. तेवढी माणसं तुमच्याकडे आहेतच.

क्लॅन बदलायची वेळही बघून घे. वॉर लीग, म्हणजे क्लॅनांची स्पर्धा, महिन्याच्या सुरुवातीला असते, दहा-बारा तारखेपर्यंत आटोपते. मध्येच गेलास तर त्या महिन्यात दुसऱ्याकडून लीग खेळता येत नाही. क्लॅन गेम्स, म्हणजे क्लॅनने मिळून पूर्ण करायची छोटी आव्हानं, 22 ते 28 तारखेला. त्यामुळे साधारण बारा ते एकवीसच्या मधला, हातात वॉर नसलेला दिवस धर. आणि निघताना चॅटमध्ये दोन ओळी लिही. न सांगता जाणारा पुढच्याला आवडत नाही, मग तो लीडर असो की वर्गमित्र.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. त्याच्या क्लॅनमध्ये सगळे अनोळखी आहेत. मधूनमधून तो 'लीडरदादा म्हणाले' असं काहीतरी सांगत असतो. खेळ बंद करावा का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : खेळ बंद करू नका, आधी एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसून चॅट वाचा. त्यालाच समजावून सांगायला लावा, मुलांना ते फार आवडतं. बहुतेक वेळा 'ट्रूप्स द्या', 'थँक्स' आणि 'अटॅक करा रे' एवढंच निघेल.

मात्र दोन गोष्टींना तिथेच लगाम घाला. क्लॅनच्या नावाने फोन नंबर मागून वेगळ्या ग्रुपवर बोलावलं, तर सातवीतल्या मुलाने जायचं नाही. गेममधल्या चॅटवर वॉर खेळायला काहीही अडत नाही. आणि सुपरसेल आयडीने (गेमच्या कंपनीचं खातं) लॉगिन करताना ईमेलवर जो कोड येतो तो लीडरदादाच काय, कोणालाही द्यायचा नाही. 'तुझा बेस मी अपग्रेड करून देतो' असं गोड बोलून तो मागतात. एकदा दिला की अकाउंट हातचं गेलं समजा. असं कोणी मागितलं असेल तर त्या मेसेजची गेममध्येच तक्रार करा आणि त्याच दिवशी क्लॅन सोडायला लावा.

सोसायटीतली चार-पाच मुलं खेळत असतील तर त्यांचाच क्लॅन काढून तो फक्त बोलावलेल्यांसाठी ठेवता येतो. हरतील भरपूर, पण कोणाकडून मार खाल्ला ते रात्री जिन्यात बसून बोलतील.

प्रश्न : मी जर्मनीत नोकरी करतो. मराठी गप्पांसाठी पुण्याकडच्या एका क्लॅनमध्ये गेलो, पण वॉरमध्ये माझा दुसरा अटॅक कायम राहतो. वेळेच्या फरकामुळे इकडचाच क्लॅन बघावा का?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : मराठी गप्पा सोडू नका. फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. लढाईची खिडकी चोवीस तासांची, त्यात दोन अटॅक आरामात बसतात. अडचण शेवटच्या तासांची आहे. तुमचा लीडर रात्री नऊच्या सुमाराला वॉर लावत असणार. तयारी तेवीस तास आणि लढाई चोवीस, म्हणजे लढाई रात्री आठाच्या आसपास संपते, तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेचार किंवा साडेतीन. तुम्ही अजून ऑफिसात. दुसरा अटॅक तुम्ही शेवटच्या क्लीनअपसाठी, म्हणजे इतरांकडून राहिलेले स्टार गोळा करण्यासाठी, राखून ठेवत असाल तर तो राहणारच.

लीडरला दोन पर्याय सांगा. एकतर वॉर दोन-तीन तास उशिरा लावा, रात्री जागणारी पुण्याची पोरं कुरकुर करणार नाहीत. नाहीतर तुम्हाला क्लीनअपमधून मोकळं करा, तुम्ही पहिल्याच रात्री दोन्ही अटॅक संपवाल. पुणेकर झोपल्यावर आलेल्या डोनेशनच्या मागण्या भागवायलाही जर्मनीतला माणूस बरा पडतो, हेही जाता जाता लीडरच्या कानावर घाला.