हवेतला आणि पावसातला पारा वर्षानुवर्षं मोजतात तरी कसा?

थर्मामीटर फुटून पारा अंगठीला लागला की सोनं पांढरं पडतं, हे बऱ्याच घरांत घडलेलं असतं. हवेतला पारा मोजायची युक्ती तीच. यंत्र सोन्यावरून हवा ओढतं, पारा तिथे चिकटतो; मग सोनं तापवलं की तो वाफ होऊन सुटतो आणि अतिनील प्रकाशाने मोजला जातो. उत्तर गोलार्धात घनमीटरला साधारण दीड नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दीड अब्जांश! कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला अलर्ट इथे हे १९९५ पासून चालू आहे. तिथे वसंतात ऊन पडू लागलं की हवेतला पारा मधूनच जवळपास नाहीसा होतो. ब्रोमीनशी अभिक्रिया होऊन तो बर्फावर उतरतो. सलग नोंदी नसत्या तर हे लक्षातही आलं नसतं.

पावसाचं काम मला जास्त किचकट वाटतं. अमेरिकेतलं मोजणी केंद्रांचं जाळं १९९६ पासूनचं, बाटली दर मंगळवारी बदलतात. थेंब पडले की झाकण आपोआप उघडतं, पाऊस थांबला की बंद. बाटली काचेची, आत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल. नाहीतर पारा काचेला चिकटतो किंवा उडून जातो. एका आठवड्याच्या आकड्यावर जाऊ नका. पाऊसमान बदललं की तोही हलतो, म्हणून लिटरमागे पारा किती आणि जमिनीवर एकूण पडला किती, हे वेगवेगळं पाहतात.