दोन महिने भारतात जाताना कॅराव्हॅन दारातच सोडायची, तर काय काय करून जावं?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडात लेस्टरला घराच्या ड्राइव्हवेवर एक जुनी टूरिंग कॅराव्हॅन, म्हणजे कारमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, आहे, डिसेंबर-जानेवारी नागपूरला जाणार आहात, आणि मागे चोरी किंवा नुकसान व्हायला नको. चोरीची भीती रास्तच आहे. पण मी आधी पाण्याबद्दल लिहितो, कारण आमचा घात पाण्याने केला.

आम्ही एका हिवाळ्यात रत्नागिरीला गेलो होतो. जाताना कॅराव्हॅनवर निळी ताडपत्री घातली आणि दोरीने घट्ट आवळली. कोकणात पावसाळ्याआधी करतात तसंच. फेब्रुवारीत परत येऊन दार उघडलं, तर श्रावणात बंद राहिलेल्या खोलीसारखा कोंदट वास आला. गाद्यांच्या खालच्या बाजूला काळपट बुरशी धरली होती. पुढच्या डाव्या कोपऱ्यात पाय ठेवला की जमीन दबत होती. ऑनिंग (बाहेर लावायचा कापडी मांडव) अडकवायच्या पट्टीमागचं सीलंट कधीतरी सुटलं होतं, तिथून पाणी झिरपत राहिलं, आणि ताडपत्रीने सगळी ओल आत कोंडून ठेवली. शिवाय या खिडक्या काचेच्या नसतात, अ‍ॅक्रिलिकच्या असतात. वाऱ्याने ताडपत्री घासून घासून त्यांवर बारीक ओरखड्यांचं जाळं झालं, ते कायमचं.

म्हणून ताडपत्री नकोच. हवा खेळेल असं कव्हर घ्या, नाहीतर उघडीच राहू द्या. जाण्याआधी सर्व्हिसिंगमध्ये डॅम्प टेस्ट, म्हणजे भिंती-जमिनीतल्या ओलीची मोजणी, करून घ्या. मीटर 15 टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही, 20 च्या वर गेला तर त्या कोपऱ्याची दुरुस्ती होईपर्यंत निर्धास्त होऊ नका. गाद्या शक्यतो घरात आणा, नाहीतर भिंतीपासून लांब उभ्या करून ठेवा. फ्रिजचं दार किंचित उघडं राहू दे. हवेसाठी जमिनीत आणि छतात ज्या जाळ्या असतात त्या उंदरांच्या भीतीनेसुद्धा बुजवू नका.

आता नळाचं पाणी. गीझर आणि सगळे पाइप पूर्ण रिकामे करा. नळ उघडेच ठेवा, आणि एकाच दांड्याचा नळ असेल तर दांडा मधोमध, म्हणजे गरम-थंड दोन्ही पाइपांतलं पाणी निघून जातं. आत राहिलेलं पाणी एका कडक थंडीच्या रात्री गोठून फुगतं आणि जोड फोडतं, आणि ते कळतं उन्हाळ्यात, पहिल्यांदा पंप चालू केल्यावर. बॅटरी काढून घरात ठेवा, गॅसची बाटली बंद करून नळी सोडवा. जागा सपाट असेल तर चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून हँडब्रेक सैल सोडा, नाहीतर ब्रेक आतून चिकटून बसतात.

चोराचं म्हणाल, तर त्याला कपलिंगवर, म्हणजे कॅराव्हॅनच्या पुढच्या जोडावर, गाडी जोडायची असते आणि दोन-चार मिनिटांत निघायचं असतं. तेवढ्यात काम होऊ नये, एवढंच आपल्या हातात असतं. हिचलॉक (कपलिंगचं कुलूप) आणि व्हील क्लॅम्प (चाक जखडणारं कुलूप) दोन्ही लावा. क्लॅम्प घेताना तो चाकाचे बोल्ट झाकतो का ते बघा, कारण बोल्ट मोकळे राहिले तर चाक काढून दुसरं बसवता येतं. कुलपावर ‘सोल्ड सिक्युअर’ या कुलपं तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का असावा. जमत असेल तर कॅराव्हॅन उलटी लावा, कपलिंग घराच्या भिंतीकडे. आतले पडदे आणि कपाटं उघडी ठेवा, म्हणजे बाहेरूनच दिसतं की आत नेण्यासारखं काही नाही. लपवून ठेवलेल्या एअरटॅगवर (वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी अ‍ॅपलची चकती) विसंबू नका. अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्याच फोनवर जाते. खरा ट्रॅकर घ्या.

विम्याची पॉलिसी मात्र आज रात्रीच उघडून वाचा. कोणती कुलपं, किती दिवस, घरी की स्टोरेजला, हे तिथे लिहिलेलं असतं आणि क्लेमच्या वेळी नेमकं तेच विचारतात. लावलेल्या कुलपांचे फोटो आणि पावत्या जपा. घरापासून दूर ठेवायची वेळ आली तर ‘कॅसोआ’ या कॅराव्हॅन-स्टोरेजवाल्यांच्या संघटनेची मान्यता असलेलं स्टोरेज बघा.

अजून एक. तुमची कॅराव्हॅन सेकंडहँड आहे. कारसारखं डीव्हीएलएचं (वाहन नोंदणीचं सरकारी खातं) व्ही5सी नोंदणीपत्र टूरिंग कॅराव्हॅनला मिळत नाही. त्याऐवजी 1992 पासून ‘क्रिस’ ही खास कॅराव्हॅनसाठीची नोंदणी आहे. 17 अंकी-अक्षरी नंबर चासीवर आणि खिडक्यांवर कोरलेला असतो. दोन्हीकडे तोच आहे का, कुठे खरवडल्याची खूण आहे का, ते उजेडात नीट बघा. नोंद अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर विमानात बसण्यापूर्वी ती तुमच्या नावावर करून घ्या. चोरीची कॅराव्हॅन सापडली, तर पोलीस त्या नंबरावरूनच मालक शोधतात.

आणि शेजाऱ्यांपैकी कोणाकडे तरी कॅराव्हॅनच्या दाराची चावी ठेवून जा. पंधरा दिवसांतून एकदा दार उघडून वास घ्यायचा आणि चारही कोपरे हाताने दाबून बघायचे, एवढंच काम त्यांना सांगा. आमच्या गल्लीतल्या आजीबाई गेले चार हिवाळे हे न चुकता करतायत.