वाचकांचे प्रश्न : एकाच बोअरमध्ये दोन गॅप, खरी कोणती?

प्रश्न : माझ्याकडे जुनी फियाट ११०० आहे. इंजिन १०८९ सीसीचं, बोअर (सिलिंडरचं भोक, म्हणजे त्याचा आतला व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५ मिमी. गाडी ऑइल प्यायला लागली म्हणून इंजिन उतरवलंय. बोअर वाढवायचा नाही, होनिंग करून (भिंत हलकी घासून) पिस्टनच्या खाचांत मूळ मापाच्याच नव्या रिंगा टाकायच्या, असं ठरवलंय. पण वरची कॉम्प्रेशन रिंग बोअरमध्ये वरच्या कडेच्या जरा खाली ठेवली की गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) ०.३५ मिमी भरते आणि तीच रिंग तळाकडे ढकलली की ०.२० मिमी. यातली खरी कोणती? आमचे मिस्त्री म्हणतात, गॅप जितकी कमी तितकं कॉम्प्रेशन चांगलं, त्याला हात लावू नका.

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत. रिंग तीच आहे, बदलतोय तो बोअर. व्यासात जेवढा फरक पडतो त्याच्या ३.१४ पट फरक गॅपमध्ये दिसतो. म्हणून ०.१५ ला ३.१४ ने भागा. तुमचा बोअर तळापेक्षा वर सुमारे ०.०५ मिमीने मोठा झालाय. झीज वरच जास्त व्हायची. स्फोटाचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो तो तिथेच, उष्णता तिथेच जास्त, ऑइल तिथेच कमी, आणि पिस्टन दिशा बदलताना क्षणभर थांबतो तोही तिथेच.

एवढा टेपर (वरच्या आणि तळाच्या व्यासातला फरक) माझ्या मते चालवून घेण्याजोगा आहे. मात्र बोअर लांबट (अंडाकृती) झालाय का, हे रिंग सांगणार नाही. ती फक्त परिघ मोजते. त्यासाठी डायल गेज लावून आडवा आणि उभा असे दोन्ही व्यास घ्या. गेज हाताशी नसेल तर निदान रिंग बोअरमध्ये बसवून खालून बॅटरी मारा. रिंग आणि भिंत यांच्यामधून प्रकाशाची चंद्रकोर दिसली, तर नुसत्या रिंगांवर भागणार नाही, बोअर कापून मोठा करून घ्यावाच लागेल.

आता गॅप. ती नेहमी जिथे बोअर सगळ्यात लहान आहे तिथे मोजायची. म्हणजे झिजलेल्या बोअरमध्ये रिंगेच्या फेरीच्या तळाशी. तुमच्यासाठी हिशेबाचा आकडा ०.२०, आणि तो कमी आहे.

मिस्त्रींचं म्हणणं थंड इंजिनापुरतं बरोबर आहे. पण गॅप ठेवतात ती गरम इंजिनासाठी. ६८ मिमी बोअरचा परिघ साधारण २१३ मिमी. बिडाची रिंग दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या सुमारे ०.००००११ पट... नाही, असं वाचून काही कळत नाही, थेट उत्तर सांगतो : रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंश सेल्सिअस जास्त तापली, तर तिची लांबी भिंतीच्या तुलनेत सुमारे ०.२३ मिमी वाढते. तुमच्याकडे जागा ०.२० ची. दोन्ही टोकं एकमेकांना भिडली की रिंगेला पसरायला बाहेरच्या बाजूशिवाय जागा उरत नाही. ती भिंतीत रुतते, बोअरवर उभे ओरखडे पडतात, आणि प्रकरण वाढलं तर रिंग तुटते किंवा पिस्टनची खाचेवरची कड उडते. चढावावर रेटलेली गाडी अशीच अचानक जड होते.

उलट, गॅप थोडी जास्त राहिली तर? गरम झाल्यावर तिचा बराचसा भाग भरून निघतो. जो वायू रिंगांवरून निसटतो तो ब्लो-बाय म्हणून ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) दिसतो, आणि ०.०५ मिमीच्या फरकाने तोही फारसा दिसत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा मी सैल बाजूला झुकतो.

साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला रूढ माप बोअरच्या दर इंचाला ०.००३ ते ०.००४ इंच असं आहे. तुमचा बोअर २.६८ इंच, म्हणजे ०.२० ते ०.२७ मिमी. तुमची ०.२० त्याच्या अगदी खालच्या टोकाला आहे, म्हणून मी वरचा आकडा धरेन. रिंगेच्या पाकिटावर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर तो पाळा. दुसऱ्या रिंगेची गॅप तेवढीच किंवा किंचित जास्त ठेवा. दोन रिंगांमध्ये दाब कोंडला, तर तो वरच्या रिंगेला खाचेत उचलतो, म्हणून.

मोजताना रिंग बोटांनी ढकलून सोडू नका, ती तिरकी बसते आणि गॅप खोटी येते. रिंगा नसलेला पिस्टन उलटा करून त्याच्या माथ्याने ती सरळ खाली सरकवा. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचाचं) पातं हलक्या ओढीने सरकलं पाहिजे. दाबून घातलं तर रिंगच उघडते आणि माप जास्त मिळतं.

गॅप वाढवायची ती रिंगेचं टोक घासून. कानस बारीक दातांची घ्या. ती व्हाइसमध्ये पकडा आणि रिंग तिच्यावर चालवा, रिंग पकडून कानस नको. एकच टोक घासा, दुसरं कारखान्यातून आलं तसं राहू द्या, म्हणजे तुलनेला एक सरळ कड शिल्लक राहते. घासायची दिशा बाहेरच्या तोंडाकडून आत, आणि फक्त जाताना. येताना रिंग उचलायची. क्रोम किंवा मॉलीचा (मॉलिब्डेनमचा) थर असलेल्या रिंगेवर उलटं घासलंत, तर थराचा टवका निघतो. दर तीन-चार घासांनी धुऊन पुसून बोअरमध्ये घाला आणि उजेडासमोर धरून बघा. दोन्ही टोकं समांतर दिसली पाहिजेत. फट इंग्रजी व्हीसारखी दिसली, तर तुमचा हात कलतोय. शेवटी टोकाच्या कडेवर उभा राहिलेला बर (धातूची बारीक धार) बारीक पॉलिश पेपरने हळूच काढा. नखाने चाचपून बघा, तो डोळ्याला दिसत नाही.

आणि ज्या सिलिंडरमध्ये घासली त्याचा नंबर लिहिलेल्या पाकिटात ती रिंग लगेच टाका. चार सिलिंडरांच्या रिंगा एका ताटलीत मिसळल्या, की सगळं मोजमाप पुन्हा करावं लागतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. वरच्या टोकाला न झिजलेली कड उरली असेल, तर ती आधी कापून घ्या. जुन्या रिंगेचा कोपरा झिजून गोल झालेला होता, नव्या रिंगेचा चौकोनी आहे. तो पहिल्याच फेरीत त्या कडेवर आपटेल.

प्रश्न : रिंगांच्या गॅप एकमेकींपासून १२० अंशांवर ठेवल्या, तर त्या तशाच राहतात का?

उत्तर : नाही. इंजिन चालू असताना रिंगा खाचेत फिरतात, उघडलेल्या इंजिनात गॅप कुठेही सापडतात. तरी बसवताना १२० अंशांवर ठेवा, सुरुवातीला सरळ रेषेत नकोत. त्याहून जास्त काळजी रिंगेच्या वरच्या बाजूची घ्या. ‘टॉप’ लिहिलेली किंवा ठिपका असलेली बाजू पिस्टनच्या माथ्याकडे हवी. तिरक्या तोंडाची दुसरी रिंग उलटी बसली, तर ती ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर नेते, आणि नव्या इंजिनातून निळा धूर येतो.

प्रश्न : बोअर ०.४ मिमी ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठा) आहे, पण रिंगा ०.६ च्याच मिळताहेत. घासून बसवल्या तर चालतील का?

उत्तर : व्यासातला ०.२ चा फरक भरायला प्रत्येक रिंगेची सुमारे ०.६३ मिमी लांबी घासावी लागेल. घासता येईल, गॅपही बरोबर येईल. पण रिंग तिच्या मूळ मापाच्या बोअरमध्येच नीट गोल बसते. तिला त्याहून लहान बोअरमध्ये दाबलं, की भिंतीवर तिचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही. ०.४ च्याच शोधा, किंवा पिस्टनसकट ०.६ वर जा.