कृषी सल्ला: स्टारड्यू व्हॅलीत लोणचं, वाइन की वाळवण?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

दिवसभर खरीप-रब्बीच्या प्रश्नांत जातो आणि रात्री जेवण झाल्यावर मी स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममधल्या, पेलिकन टाउन गावाशेजारच्या माझ्या शेतावर असतो. त्यामुळे तिथल्या शेतीबद्दलचे प्रश्नही हळूहळू माझ्याकडे यायला लागले. या वेळचे प्रश्न एकत्र वाचले तेव्हा बहुतेकांचं दुखणं एकच दिसलं: पीक जोमात येतं, पण पैसा हातात उरत नाही. म्हणून आज फक्त प्रक्रियेवर बोलू. आकडे 1.6 आवृत्तीचे आहेत आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे ते प्रोफेशनचा (पातळी वाढल्यावर निवडायच्या खास कौशल्याचा) वाढीव भाव न धरता दिले आहेत.

प्रश्न: पहिलं वर्ष, उन्हाळा लागला आहे. पार्सनिप, बटाटा, फ्लॉवर सगळं दुकानदार पिएरला विकलं आणि आलेल्या पैशातून पुन्हा बियाणं घेतलं. शिल्लक वाढतच नाही. बरणी करू की केगसाठी थांबू?

थांबू नका. लोणच्या-जेलीची बरणी शेतीच्या कौशल्याच्या चौथ्या पातळीला मिळते, केग म्हणजे वाइन-बिअरचं पिंप आठव्या पातळीला. मधले दोन हंगाम कच्चा माल विकत बसलात तर पहिलं वर्ष तसंच निघून जाईल. बरणीला 50 लाकूड, 40 दगड आणि 8 कोळसे लागतात. कुऱ्हाड, कुदळ आणि खाणीतल्या दोन फेऱ्या एवढ्यावर काम भागतं, खिशातून एक गोल्डही जात नाही.

बरणीचा हिशेब सोपा आहे: मालाच्या मूळ किमतीची दुप्पट, अधिक 50. या वरच्या 50 मुळे स्वस्त भाजीला बरणी फार मानवते. 35 चा पार्सनिप लोणचं होऊन 120 ला जातो, 80 चा बटाटा 210 ला, 60 चा टोमॅटो 170 ला. एक भरणी साधारण अडीच दिवस घेते, म्हणजे तिसऱ्या दिवशी काढा आणि लगेच पुन्हा भरा. दहा बरण्या 28 दिवसांच्या हंगामात प्रत्येकी नऊ वेळा भरल्या तर 90 टोमॅटोंचे 15,300 होतात. तेच टोमॅटो कच्चे विकले तर 5,400.

एक सूचना. कम्युनिटी सेंटरचे (गावच्या पडक्या समाजमंदिरासाठी द्यायच्या वस्तूंच्या संचांचे) नेहमीचे बंडल निवडले असतील तर पार्सनिप, मेलन, मका आणि भोपळा यांपैकी कुठल्याही तीन पिकांचे सोनेरी ताऱ्याचे, म्हणजे वरच्या प्रतीचे, प्रत्येकी पाच नग बरणीत न घालता बाजूला ठेवा. जेलीची एक बाटलीही राखून ठेवा. त्या सेंटरमधल्या पँट्री खोलीचे बंडल पूर्ण झाले की हरितगृह मिळतं, आणि पुढची सगळी कमाई त्या हरितगृहावरच उभी राहणार आहे.

प्रश्न: वाइनला तिप्पट भाव मिळतो, म्हणून मी सगळी फळं केगमध्येच घालते. तरी उन्हाळा संपताना पेटीत शंभर मेलन पडून आहेत. माझं काय चुकतंय?

ताई, तुम्ही तिप्पट भाव पाहिलात, पण केग किती दिवस अडकून राहतो ते पाहिलं नाहीत. मला आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांत हीच चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका मेलनची मूळ किंमत 250. केगमध्ये घातलं तर वाइन 750 ची, पण केग सुमारे सव्वासहा दिवस अडकतो. बरणीत जेली 550 ची, अडीच दिवसांत. तिसरं साधन 1.6 मध्ये आलेलं वाळवणीचं यंत्र, डीहायड्रेटर. त्यात एकाच जातीची पाच फळं घालायची, दुसऱ्या दिवशी सकाळी सुकामेवा तयार. पाच मेलनचे 1,900 येतात, म्हणजे एका फळामागे 380.

आता दोन प्रकारे मोजा. एका फळामागे मिळणारा पैसा पाहिला तर केग पहिला, बरणी दुसरी, वाळवण शेवटी. पण यंत्राच्या एका दिवसामागे कच्च्या भावापेक्षा किती जास्त मिळतं ते पाहिलं तर क्रम बरोबर उलटा होतो: डीहायड्रेटर दिवसाला 650 मिळवून देतो, बरणी 120, केग 80. मेलनच्या जागी महागडं स्टारफ्रूट धरलं तरी बरणी केगच्या पुढेच राहते.

म्हणून आधी एकच गोष्ट ठरवा: तुमच्याकडे तुटवडा फळांचा आहे की यंत्रांचा? फळं थोडी आणि केग रिकामे असतील तर वाइन करा. फळांचा ढीग लागला असेल आणि यंत्रं हातावर मोजण्याइतकी असतील, तर बरणी आणि वाळवण.

तुमच्या शंभर मेलनचंच घ्या. कच्चे विकले तर 25,000. वाळवले तर 38,000, आणि दोन डीहायड्रेटर हे काम दहा दिवसांत संपवतात. जेली केली तर 55,000, दहा बरण्यांना तीस दिवस. वाइन केली तर 75,000, पण दहा केगना सत्तर दिवस, म्हणजे पानगळ आणि हिवाळा दोन्ही उलटून जातील. पानगळीत क्रॅनबेरी आणि भोपळा यायचाच आहे, तो कुठे घालणार? मी तुमच्या जागी असतो तर मेलन बरणीत घातले असते आणि केग हॉप्ससाठी मोकळे ठेवले असते.

हॉप्सचं का सांगतो तेही ऐका. 25 गोल्डच्या हॉप्सची केगमध्ये होणारी पेल एल ही बिअर 300 ला विकली जाते. कच्च्या मालाच्या बारापट भाव देणारं दुसरं पीक तुम्हाला सहज सापडणार नाही. सकाळी सहाला केग भरला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास पेय तयार होतं. 60 गोल्डचं बी उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी लावलं, की अकरा दिवसांनी वेल लागतो आणि पुढे रोज एक तोडा देतो, हंगामात सतरा तोडे. दहा वेलांचे 170 हॉप्स म्हणजे 51,000 ची पेल एल, बियाण्याचा खर्च 600. फक्त वेलाच्या मांडवातून चालत जाता येत नाही, म्हणून ओळींमध्ये वाट सोडा.

भाजीबद्दलही याच प्रश्नात सांगून टाकतो. केगमधला भाजीचा रस मूळ किमतीच्या सव्वादोनपट. मूळ किंमत 200 च्या खाली असेल तर लोणचंच जास्त भाव देतं. 320 च्या भोपळ्याचा रस 720 ला जातो आणि लोणचं 690 ला. तीस गोल्डसाठी केग पावणेचार दिवस अडकवणं मला पटत नाही. भोपळ्याचं लोणचंच करा.

प्रश्न: सोनेरी ताऱ्याच्या फळाची वाइनही सोनेरी होते का?

नाही. केग, बरणी आणि डीहायड्रेटर तिघेही फक्त मूळ किंमत बघतात. 375 चं सोनेरी मेलन असो की 250 चं साधं, वाइन 750 चीच. यंत्रं कमी असतील तर साधा माल यंत्रात घाला आणि ताऱ्याचा कच्चा विका. यंत्रं भरपूर असतील तर हा विचार सोडून द्या, कारण सोनेरी फळही वाइन होऊन दुप्पट भाव देतं.

प्रश्न: म्युझियमला प्राचीन बी दिलं, बदल्यात लावायचं बी मिळालं. हरितगृहही झालं. आता पुढे काय?

पहिली फळं वाइनमध्ये घालण्याचा मोह आवरा. हे माझं कळकळीचं सांगणं आहे. प्राचीन फळाची वाइन 1,650 ची आहे हे खरं, पण आत्ता तुमच्याकडे झाड एकच आहे. आलेलं प्रत्येक फळ सीड मेकरमध्ये घाला. तो शेतीच्या नवव्या पातळीला मिळतो आणि एका फळाची साधारण एक ते तीन बियाणी देतो. झाड 28 दिवसांनी फळ धरतं, मग दर सात दिवसांनी एक फळ देतं, आणि हरितगृहात कुठल्याच हंगामात मरत नाही. हरितगृहाची माती 12 बाय 10, म्हणजे 120 झाडं. ती भरेपर्यंत धीर धरा.

त्या काळात दुसरं काम करायचं आहे, ते म्हणजे केग जमवणं. फळ दर सात दिवसांनी येतं, वाइन सव्वासहा दिवसांत होते, म्हणून झाडामागे एक केग हे प्रमाण अगदी बरोबर बसतं. एका केगला 30 लाकूड, तांब्याची एक विट, लोखंडाची एक विट आणि ओकचा डिंक लागतो. लाकूड-लोखंड मिळेल, अडचण डिंकाची होते. टॅपर, म्हणजे खोडाला लावायचं डिंक काढण्याचं साधन, लावलेला ओक साधारण आठवड्याला एकदा डिंक देतो. दहा ओकांना टॅपर असतील तर 120 केगचा डिंक जमायला बारा आठवडे, म्हणजे तीन हंगाम जातात. वीस ओकांना लावलेत तर दीड हंगाम. हरितगृह भरल्यावर डिंकासाठी धावपळ करणारे खूप पाहिले, म्हणून हे पुन्हा सांगतो: ओकला टॅपर आधी, प्राचीन फळ नंतर.

सगळं जुळून आलं की आठवड्याला 1,98,000 ची वाइन निघते.

प्रश्न: दहाव्या पातळीला आर्टिझन घ्यावं की ॲग्रिकल्चरिस्ट?

आर्टिझन. प्रक्रिया केलेल्या मालाला 40 टक्के जास्त भाव मिळतो, आणि वर सांगितलेले 1,98,000 हे 2,77,200 होतात. ॲग्रिकल्चरिस्टने पीक 10 टक्के लवकर येतं. यंत्रं तुमच्याकडे नसतील तरच तो विचार करण्यासारखा. मात्र आर्टिझनची वाट पाचव्या पातळीला टिलर निवडल्यावरच उघडते. तिथे रँचर निवडून चुकला असाल तर गटारातल्या पुतळ्यापाशी 10,000 गोल्ड देऊन निवड बदलता येते. कॉफीला आर्टिझनची वाढ लागू होत नाही हेही लक्षात असू द्या.

दहाव्या पातळीजवळ आला असाल तर तयार वाइन विकू नका, पेटीत ठेवा. ती खराब होत नाही. अनुभवाचे गुण पीक काढण्याचे मिळतात, वाइन करण्याचे नाही, म्हणून पातळी वाढवायची असेल तर शेत पेरतं ठेवा.

प्रश्न: तळघरातल्या कास्कमध्ये, म्हणजे मुरवण्याच्या पिंपात, वाइन मुरवावी का?

मुरवावी, पण फक्त सर्वांत महागडी. घराच्या तळघरासाठी 1,00,000 गोल्ड मोजावे लागतात आणि त्यात 33 कास्क मिळतात. वाइन चौदा दिवसांत चंदेरी, अठ्ठावीस दिवसांत सोनेरी आणि छप्पन दिवसांत इरिडियम दर्जाची होते, तेव्हा भाव दुप्पट. 2,250 ची स्टारफ्रूट वाइन 4,500 ला जाते. ब्लूबेरीची वाइन तीच जागा तेवढेच दिवस अडवून 150 ची फक्त 300 होते. घाईच्या पैशासाठी कास्क नाहीत. चीज मात्र चौदा दिवसांतच मुरतं, गोठा असेल तर काही कास्क त्याला द्या.

प्रश्न: गव्हाचं पीठ काढू का? मक्याचं तेल?

विक्रीसाठी दोन्ही नको. गव्हाचं पीठ 50 ला जातं, त्याच गव्हाची केगमधली बिअर 200 ला. मक्याचं तेल 100, लोणचं 150. तेलाचं यंत्र ट्रफलसाठी ठेवा.

प्रश्न: पानगळीत द्राक्षं खूप येतात. बेदाणे करणं परवडतं का?

पाच द्राक्षांचे कच्चे 400, बेदाणे 600, एका दिवसात. त्याच पाचांची जेली 1,050 ची होते, पण पाच भरण्या लागतात. तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडमध्ये साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा उतरतो. खेळातला पाचाला एक हा हिशेब पाहून मला बरं वाटलं, करणाऱ्याने वाळवण पाहिलेलं दिसतं. पीक काढून देणाऱ्या जुनिमो या वनदेवतांच्या झोपडीत ठेवायलाही बेदाणे उपयोगी पडतात, तेवढे तरी करून ठेवाच.

एका बाबतीत मात्र खेळ आपल्या शेतकऱ्यावर फार मेहेरबान आहे. इथे पेटीतलं द्राक्ष सडत नाही आणि हजार ब्लूबेरी एका रात्रीत शिपिंग बिनमध्ये (विक्रीच्या पेटीत) टाकल्या तरी भाव पडत नाही. आपल्या टोमॅटोवाल्याला यातलं एकही सुख नाही, म्हणून त्याला मी सांगतो तो सल्ला वेगळा असतो. तुम्हाला हे सुख आहे तर त्याचा पुरेपूर फायदा घ्या. उन्हाळा आणि पानगळीचा जास्तीचा माल पेट्यांत भरून ठेवा आणि हिवाळ्याच्या 28 दिवसांत, बाहेर फारसं काही उगवत नसताना, एकही बरणी रिकामी ठेवू नका. वसंताच्या 13 तारखेला एग फेस्टिव्हलमध्ये स्ट्रॉबेरीचं बी 100 ला मिळतं, त्याचे पैसे याच बरण्यांतून उभे राहतील.